दप्तरं तपासू नका, वर्गसभा भरवा

पत्र: आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची 52 मुलं आहेत आणि दोन शिक्षक. माझी मुलगी चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. यंदा वर्गातून पेन्सिली, खोडरबर, कधी दहा-वीस रुपये नाहीसे होतात. मुलं एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या देतात. एकदा सगळ्यांच्या दप्तरांची झडती झाली, एका मुलाकडे दुसऱ्याचं खोडरबर सापडलं, तेव्हापासून तो शाळेत यायला कां-कू करतो. आता गावातल्या काही ज्येष्ठ मंडळींनी दर शनिवारी शाळेत संस्कारवर्ग घ्यायचं ठरवलं आहे. श्लोक, स्तोत्रं, गोष्टी असं त्याचं स्वरूप. समितीत निम्मे म्हणतात, होऊ द्या, चांगलंच आहे. निम्मे म्हणतात, संस्कार घरात होतात, शाळेनं लिहायला-वाचायला शिकवावं. पुढच्या बैठकीत मला बोलायचं आहे. सरकारी शाळेनं नीतिमूल्यं शिकवावीत का? शिकवायची तर कशी?
– एक आई, सोलापूर जिल्हा

ताई,

तुमच्या समितीत दोन मतं असली तरी दोन्हीकडची मंडळी एकच गोष्ट गृहीत धरून बोलताहेत. मूल्यं शिकवणं म्हणजे वेगळा तास, वेगळा माणूस, वेगळी पोथी, असं सगळ्यांना वाटतंय. शाळा मूल्यं रोजच शिकवते. त्या झडतीच्या दिवशीही तुमच्या शाळेनं 52 मुलांना एक धडा दिला: वस्तू हरवली की सगळेच संशयित, आणि ज्याच्याकडे काही सापडेल त्याला चारचौघांत उभं करायचं. वर्गातला प्रत्येक जण तो धडा शिकला. म्हणून बैठकीत प्रश्न असा मांडा: शाळा आत्ता जे शिकवते आहे ते आपल्याला चालणार आहे का?

‘संस्कार घरी होतात’ हे खरं आहे, पण अर्धंच. भावाला अर्धी भाकरी द्यायला घर शिकवतं, कारण तो आपला असतो. जो आपल्या भावकीतला नाही, जातीतला नाही, ज्याच्या वडिलांशी आपल्या वडिलांचं बांधावरून भांडण आहे, त्याच्याशीही न्यायानं वागायचं, रांगेत त्याच्या मागे उभं राहायचं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे घरात शिकायला जागाच नसते. घरात तो माणूस नसतोच. गावात अशी सगळी मुलं एका छपराखाली बसतात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत. म्हणून हे काम शाळेचंच आहे, आणि खाजगी शाळेपेक्षा तुमच्या शाळेला ते जास्त चांगलं जमू शकतं.

कायद्यातही याचं उत्तर आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 29 नुसार अभ्यासक्रम राज्यघटनेतल्या मूल्यांशी सुसंगत हवा आणि मूल भीती, आघात, चिंता यांपासून मुक्त राहायला हवं. महाराष्ट्रानं मूल्यशिक्षणासाठी दहा मूल्यं ठरवलेली आहेत: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. बऱ्याच शाळांच्या भिंतींवर ती रंगवलेली असतात. यादीवर कुणाचा आक्षेप नसतो. अडचण येते ती यादी भिंतीवरून खाली उतरवताना.

संस्कारवर्गाचं आधी सांगते, कारण बैठकीत गरमागरमी तिथेच होईल. राज्यघटनेच्या कलम 28 च्या पहिल्या पोटकलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हा नियम सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. कुणी म्हणेल, पालकांची लेखी संमती घेऊ. पालकांच्या संमतीची तरतूद त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे, आणि ती सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत संमतीनंही धार्मिक शिक्षण चालत नाही. याला व्यवहारातलंही कारण आहे. गावात सगळ्यांसमोर ‘माझं मूल बसणार नाही’ असं सांगायची हिंमत ज्याला सगळ्यात जास्त गरज असते त्याच्याकडेच नसते. दोन घरं वेगळ्या धर्माची असतील तर ती गुपचूप सही करतील, आणि त्या सहीला कुणी संमती म्हणू नये.

याचा अर्थ शाळेत धर्माचं नावच काढायचं नाही असा नाही. 2002 साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्मांविषयी माहिती देणं आणि धार्मिक शिक्षण देणं यांत फरक केला. ईद का साजरी होते, वारी कशी चालते, बुद्धपौर्णिमेला काय असतं, हे वर्गात जरूर सांगावं. मुलांना कुठल्या धर्माची शिकवण देऊ नये आणि त्यांच्याकडून उपासना करून घेऊ नये, इतकीच मर्यादा आहे. ज्येष्ठांना नाराज करायचीही गरज नाही. त्यांना शाळेत बोलवा, पण वेगळ्या कामासाठी: पूर्वी गावात पाणी कसं वाटून घ्यायचे, 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर कोण कोण गेलं, कुठलं भांडण कसं मिटलं. मुलांनी प्रश्न विचारायचे, त्यांनी उत्तरं द्यायची. त्या वेळी शिक्षक वर्गात हवेत, विषय आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना कळवलेला हवा, आणि मुलांकडून कसलीही शपथ किंवा वर्गणी घ्यायची नाही.

उरलेला प्रश्न ‘कसं शिकवायचं’ याचा, आणि चुका इथेच होतात. रोजच्या परिपाठात सुविचार, बोधकथा, तात्पर्य हा क्रम वर्षानुवर्षं चालतो. मुलांना तात्पर्य पाठ असतं, त्यामुळे गोष्ट ऐकायची गरज उरत नाही. ‘खोटं बोलू नये’ हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. खरं बोललं तर मार बसणार असेल तेव्हा काय करायचं, हा त्याचा खरा प्रश्न, आणि त्यावर सुविचार गप्प असतो. 1920 च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी अमेरिकेत दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर प्रयोग केले. एके ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक वागतं, आणि नीतीचे धडे ऐकल्यानं वागण्यात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. ‘प्रामाणिक मुलं’ आणि ‘लबाड मुलं’ असे दोन कप्पे नसतात. पकडलं जाण्याची भीती किती, शेजारचा काय करतो, वस्तूची गरज किती, यांवर मुलांचं वागणं पुष्कळसं ठरतं. परिस्थिती बदलणं शाळेच्या हातात आहे.

पेन्सिलींचंच घ्या. पहिली-दुसरीतल्या बऱ्याचशा ‘चोऱ्या’ पेन्सिल नसल्यामुळे होतात. ती आणली नाही तर बोलणी बसतात, म्हणून शेजारच्याची घेतली जाते. प्रत्येक वर्गात एक डबा ठेवा. त्यात दहा पेन्सिली, चार खोडरबर, दोन शार्पनर. शंभर रुपयांच्या आत काम होतं. ज्याच्याकडे नसेल त्यानं विचारल्याशिवाय घ्यायचं आणि घरी जाताना परत ठेवायचं. पेन्सिलींना खाली एकच रंग लावा, म्हणजे त्या ओळखू येतात. पहिल्या पंधरवड्यात तीन-चार कमी होतील. त्या गुपचूप भरून टाका. ‘कुणी नेल्या?’ असं एकदा जरी विचारलं तरी डब्याचा उपयोग संपला. शेजारी ‘सापडलेल्या वस्तू’ अशी दुसरी पेटी असू द्या, चूक लाजेशिवाय परत करायला वाट मिळते. पैशांसाठी नियमच करा: पैसे दप्तरात ठेवायचे नाहीत, आल्याबरोबर नाव लिहून पाकिटात शिक्षकांकडे द्यायचे.

तो जो मुलगा शाळेत यायला कां-कू करतो, त्याच्यासाठी पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. शिक्षकांनी एकट्यानं त्याच्या घरी जावं, समितीच्या सदस्यांना सोबत नेऊ नये. ‘तू घेतलंस का’ हे विचारायचं नाही. सांगायचं एवढंच: सगळ्यांसमोर दप्तर तपासलं ही आमची चूक झाली, तुझी जागा तशीच आहे, उद्या ये. मग वर्गात सगळ्यांना सांगायचं की झडती घेणं चुकलं, यापुढे कुणाचं दप्तर तपासणार नाही. त्या मुलाचं नाव घ्यायचं नाही. तो आल्यावर त्याला मुद्दाम कपाटाची किल्ली देऊन ‘बघा, आम्ही विश्वास ठेवतो’ असंही करू नका, मुलांना त्यातली कृत्रिमता लगेच कळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. माझ्या मते चारचौघांत चोर ठरवणं त्यातच मोडतं. मोठ्या माणसानं चूक मान्य केली हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर वर्षभराच्या बोधकथांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता मुख्य काम, वर्गसभा. शनिवारी सकाळच्या शाळेत अर्धा तास काढा. तुमच्याकडे दोनच शिक्षक, तेव्हा पहिली-दुसरी एकीकडे आणि तिसरी ते पाचवी दुसरीकडे. असे गट करायला कारण आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी 1932 साली मुलांना दोन गोष्टी सांगून विचारलं होतं: एकाकडून नकळत पंधरा कप फुटले, दुसऱ्याकडून लपूनछपून खाऊ काढताना एक कप फुटला, जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली, पंधरा फोडणारा. नऊ-दहा वर्षांची मुलं हेतू पाहू लागतात. म्हणजे ‘त्यानं मुद्दाम केलं का?’ हा प्रश्न चौथी-पाचवीत नीट चालतो, पहिलीत फारसा पुढे जात नाही. लहानांची सभा दहा मिनिटांची पुरे: या आठवड्यात कुणी कुणाला मदत केली, आणि कशाचा त्रास झाला.

मोठ्या गटानं गोलात बसायचं, शिक्षकांनीही खालीच. आठवडाभर एका खोक्यात मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, घडलं काय तेवढंच. शुक्रवारी शिक्षकांनी सगळ्या वाचून तीनपेक्षा जास्त निवडू नयेत. घरातली मारहाण, कुणी अंगाला हात लावणं, असलं काही आलं तर ते वर्गसभेत आणायचं नाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवायचं. मदतीसाठी मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा नंबर आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, ते गावात मिटवायचं नसतं. हा भाग शिक्षकांना आधी नीट समजावून सांगा, चिठ्ठ्यांचं खोकं नंतर ठेवा.

सभेत आधी काय घडलं ते ठरवायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या. मग मुलांनी उपाय सुचवायचे, शिक्षकांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. शिक्षक आधी बोलले की मुलं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात. ठरलेला उपाय एक आठवडाच करून पाहायचा आणि पुढच्या शनिवारी पहिला विषय त्याचाच घ्यायचा. ही शेवटची पायरी शाळा गाळतात, आणि सभा महिनाभरात बंद पडते ती त्यामुळेच. मुलांना वाटतं, बोलून काही होत नाही. दुसरा धोका शिक्षेचा. मुलं एकमेकांना फार कडक शिक्षा सुचवतात, ‘त्याला महिनाभर खेळायला घेऊ नका’ असं सहज म्हणतात. तिथे शिक्षकांनी थांबवायचं: शिक्षा सांगू नका, भरपाई काय ते सांगा. वही फाडली तर वही शिवून द्यायची. बळजबरीनं ‘सॉरी’ म्हणायला लावू नका. तो शब्द मग सुटकेचं तिकीट होतो.

शिव्यांनाही एकच औषध लावू नका. ठेच लागल्यावर तोंडातून निघालेली शिवी वेगळी, आणि जातीवरून किंवा आईबहिणीवरून दुसऱ्याला खाली पाडायला दिलेली वेगळी. पहिल्या प्रकारच्या शिवीला शांतपणे ‘हा शब्द शाळेत नाही’ इतकं पुरतं. दुसरी मात्र त्याच क्षणी थांबवायची, खेळ चालू असेल तरी. नंतर बाजूला घेऊन त्या शब्दाचा अर्थ काय आणि तो कुणाला लागतो, हे साध्या शब्दांत सांगायचं. लहान मुलांना बहुतेकदा अर्थ माहीतच नसतो. ज्याला शिवी बसली त्याच्याशीही बोलायचं, हे विसरलं जातं. आणि मोठी माणसं शाळेच्या आवारात कसं बोलतात, तेही समितीनं पाहावं. पाण्याच्या टाकीवरून ग्रामपंचायतीचे लोक भांडताना मुलं खिडकीतून ऐकतच असतात.

समितीच्या सदस्य म्हणून तुम्ही एक काम स्वतः करा. सलग तीन दिवस पोषण आहाराच्या वेळी शाळेत जाऊन बसा, कुणाला काही बोलू नका, फक्त बघा. कोण कुणाशेजारी बसतं? कुणाच्या ताटात आधी वाढलं जातं? ताटं कोण घासतं, वर्ग कोण झाडतं, घंटा कोण वाजवतं? मुली झाडू मारतात आणि मुलगे घंटा वाजवतात, असं असेल तर भिंतीवरची स्त्री-पुरुष समानता आणि श्रमप्रतिष्ठा दोन्ही तिथेच पुसली जातात. उपाय सोपा आहे: हजेरी क्रमांकानुसार पाळी, दर सोमवारी बदलणारी, आणि जेवणाच्या पंगतीलाही तोच क्रम. पाळीचा तक्ता मुलांनी लिहावा. शिक्षकांचं नावही त्यात एकदा यावं.

बोधकथा बंद करायची गरज नाही, शेवट बदलायचा. तात्पर्याऐवजी अडचणीवर थांबायचं. उदाहरणार्थ: मित्राच्या हातून शाळेचा नळ तुटला, फक्त तुला माहीत आहे, आणि सर म्हणतात खरं कळेपर्यंत कुणालाच खेळायला सोडणार नाही. तू काय करशील? दोन मिनिटं गोष्ट, तीन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं वहीत उत्तर, पाच मिनिटं जोडीत, पाच मिनिटं सगळ्यांत. एकट्यानं लिहिणं टाळू नका, नाहीतर मोठ्या आवाजाच्या दोन मुलांचं मत वर्गाचं मत होतं. सगळ्यांना खेळायला न सोडणं हे सरांचं बरोबर होतं का, असा प्रश्न एखादं मूल विचारेल. तो उडवून लावू नये, चर्चा खरी चालल्याची ती खूण आहे.

प्रामाणिकपणाचं दुकान काढावं, अशी कल्पना बैठकीत कुणीतरी मांडेलच. दुकानदार नाही, वस्तू घ्या आणि पैसे डब्यात टाका, असा तो प्रकार. चांगला आहे, पण झडतीची जखम ताजी असताना नको. निदान तीन महिने जाऊ द्या. नंतर चौथी-पाचवीसाठी पाचच वस्तू ठेवा, एकूण माल दोनशे रुपयांच्या आत. किमती पाच आणि दहा अशा, म्हणजे सुट्ट्यांचा घोळ होत नाही. बरीचशी तूट सुट्टे नसल्यानं आणि ‘उद्या टाकतो’ म्हणून विसरल्यानं येते. उधारीसाठी वही ठेवा. दर शनिवारी मुलांनीच हिशेब करून फळ्यावर आकडा लिहायचा: विक्री इतकी, जमा इतकी. बारा रुपये कमी आले तर ‘बारा रुपये कमी आहेत’ एवढंच सांगायचं. चौकशी नाही. तीन आठवडे तूट वाढतच गेली तर दुकान थांबवा. मोह समोर ठेवून मुलांना रोज हरायला लावण्यात काही शहाणपण नाही.

गुण, तारे, ‘आदर्श विद्यार्थी’ असलं काही ठेवू नका. बक्षीस लागलं की मुलं शिक्षक पाहत असतानाच चांगली वागतात. प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदीत निकाल नको, प्रसंग लिहा. ‘प्रामाणिक आहे’ हा निकाल झाला. ‘ऑगस्टमध्ये सापडलेली वही स्वतःहून आणून दिली’ हा प्रसंग. दुसरं वाचून आईबापांना काहीतरी कळतं.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं? पहिल्या महिन्यात तक्रारी वाढतील, चिठ्ठ्यांचं खोकं भरेल. घाबरू नका, आधी ज्या गोष्टी दाबल्या जायच्या त्या आता बाहेर येताहेत. तिसऱ्या महिन्यात तीन गोष्टी पाहा: डब्यातल्या पेन्सिली किती भराव्या लागल्या, शिक्षकांपर्यंत न येता मुलांनी किती भांडणं मिटवली, आणि वर्गसभेत आजवर एकदाही न बोललेली मुलं किती. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

तुमच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या जागा महिलांच्या, म्हणजे ठराव करायला बळ आहे. नुसतं ‘मूल्यशिक्षण द्यावे’ असा ठराव करू नका, त्यानं काहीच होत नाही. असा मांडा: ‘शाळेत दर शनिवारी 30 मिनिटे वर्गसभा घ्यावी. दप्तरांची झडती घेऊ नये. प्रत्येक वर्गात लेखनसाहित्याचा सामायिक डबा ठेवावा, त्याचा खर्च समितीने करावा. स्वच्छता व पोषण आहाराच्या कामाची पाळी मुलामुलींना समान असावी. बाहेरील व्यक्तींचे सत्र विषय आठवडाभर आधी कळवून, शिक्षकांच्या उपस्थितीत व धार्मिक शिक्षणाविना व्हावे. तीन महिन्यांनी आढावा घ्यावा.’ इतिवृत्तात तारीख टाकायला विसरू नका.

आणि पहिल्या वर्गसभेत पेन्सिलींचा विषय घेऊ नका. ज्यात कुणीच दोषी नाही असा घ्या, समजा नळावरच्या रांगेचा. मुलांना गोलात बसायची, दुसऱ्याचं पूर्ण ऐकायची सवय होऊ द्या. पेन्सिली तिसऱ्या-चौथ्या शनिवारी, आणि तो मुलगा वर्गात परत रुळलेला असेल तरच.